काळा धूर

तुळजापूरच्या घाटात गाडीनं मान टाकली.
पाय फळीला टेकलेला, गिअर पहिला,
आरशात मागं माझाच धूर,
भट्टीचं झाकण उडाल्यासारखा.
कडब्यानं भरलेला एक ट्रॅक्टर
मला ओलांडून गेला,
वरचा पोरगा वळून बघत राहिला
वळण येईपर्यंत.

सोलापुरात सल्ल्यांना तोटा नाही.
नोझल, म्हणाला पंपावरचा.
टर्बो बसला, म्हणाला शेजारचा टेम्पोवाला, चाळीस हजार धर.
साडूनं टाकीत ओतायला बाटली दिली, निळ्या झाकणाची.

दस्तगीर नदाफनं पाना उचललाच नाही.
अक्कलकोट रोडला त्याचा पत्र्याचा शेड,
उन्हानं आतली हत्यारंसुद्धा हात लावू देत नव्हती.
"उभ्या गाडीला रेस घेते?"
घेते.
"चढाला?"
नाही.
"शिट्टी?"
आधी यायची. आता कुणी दातांतून
फू करावं तसं काहीतरी.
त्यानं सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं,
अंगठ्यावर चोळलं, हुंगलं.
"कोरडी काजळी. ऑइल जळत असतं तर निळा दिसला असता.
म्याकलशेठ, डिझेल भरपूर हाय.
हवा न्हाई."

मग फिल्टरचा डबा उघडला.
आत कागद दिसेना.
राखाडी, मऊ, हाताला उबदार
उशीसारखं काहीतरी.
"रात्री गाडी कुठं लावतो बे?"
टॉवेलच्या कारखान्यामागं,
भिंतीतल्या मोठ्या पंख्याच्या तोंडाशी. सावली असते.
तो काही बोलला नाही.
ती कापसाची धूळ चिमटीत धरून उजेडात बघत होता.

माझा बाप बत्तीस वर्षं मागावर उभा होता.
डॉक्टरनं त्याच्या छातीचा फोटो मला काचेवर लावून दाखवलेला,
इथं बघा, इथं बघा, म्हणत.
तेव्हा नव्हतं कळलं.

"झालं?" मी विचारलं.
"अर्धं. एवढ्यानं गाडी पहिल्यावर येत न्हाई."
त्यानं टर्बोचा पाईप काढला, आत दोन बोटं घालून
पातं हलवून पाहिलं. केसभर हललं,
आत-बाहेर अजिबात नाही.
"ह्याला उगं बदनाम केलं सगळ्यांनी."

मग एक टोक बुच मारून बंद,
दुसऱ्यात सायकलचा व्हॉल्व्ह बसवलेला डबा,
कॉम्प्रेसरची थोडीशी हवा,
आणि दाढीच्या ब्रशनं साबणाचं पाणी
प्रत्येक जोडावर, जणू लग्नाआधी कुणाला हळद लावतोय.
वर काही नाही. बाजूला काही नाही.
इंटरकूलरच्या रबरी पाईपच्या पोटाशी,
क्लिपच्या मागं, जिथं नजर जात नाही,
फेस.
बोटभर चीर. हवा बंद केली
की ओठ मिटल्यासारखी नाहीशी.
"बसून असली की दिसत न्हाई. जोर लागला की उघडती."

पाईपचे बाराशे, फिल्टरचे साडेचारशे,
त्याचे तीनशे. बाटली त्यानं माझ्याच हातात दिली,
साडूला परत कर म्हणून.

संध्याकाळी घाट तिसऱ्यावर चढलो.
रिकामीच होती गाडी, हे खरं,
तरी काच खाली करून ती शिट्टी ऐकत गेलो.
कडबेवाला काही भेटला नाही.

परत आलो तेव्हा बाप साखर पेठेत दारात उभा होता,
बॉनेटवर हात ठेवून.
काय निघालं?
हवा कमी पडत होती.
"गाली?" त्यानं तेलुगूत विचारलं,
आणि हसायला गेला, आणि खोकला लागला.
दस्तगीरनं बजावलेलं,
चढून आल्यावर लगेच बंद करू नको,
दोन मिनिटं नुसती चालू ठेव, निवू दे.
मी किल्लीला हात लावला नाही.
बाप वाकलेला, इंजिन हलकं हलकं चाललेलं,
आणि गल्लीतले माग
अजून वाजत होते.